पावणेचार वर्षं मत मागायला कुणी आलंच नाही, आता दिवसातून दोनदा येतात

गल्लीतला एक (१८ डिसेंबर २०२५)

काल संध्याकाळी दार वाजलं. उघडून बघतो तर चार माणसं. पुढे हात जोडून एक गृहस्थ, मागे मोबाइलवर शूटिंग करणारा पोरगा. "काका, ओळखलंत ना?" न ओळखून सांगतो कुणाला. २०१७ च्या फेब्रुवारीत हेच आले होते, फक्त तेव्हा गळ्यातलं उपरणं वेगळ्या रंगाचं होतं. मधे एका दहीहंडीच्या फ्लेक्सवर तिसऱ्या रंगातही दिसले होते. मी म्हटलं, या, बसा. म्हणाले, बसत नाही, अजून तीन सोसायट्या करायच्यात.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. १५ जानेवारीला ज्या २९ महापालिकांचं मतदान आहे त्यातलं कुठलंही घाला, फार फरक पडणार नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचा चेंबर आहे. त्याचं झाकण २०२३ च्या पावसाळ्यात गेलं. पूर्वी असं काही झालं की नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचं. तासभर बसवून ठेवायचे, पण चहा यायचा आणि दोन दिवसांनी माणूस यायचा. नगरसेवक फार गुणाचा होता असं नाही, पण त्याला पुन्हा आमच्याच दारात यायचं होतं, एवढं एक कारण पुरायचं. २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झालीच नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. मग तक्रार ॲपवर. टोकन नंबर आला, तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." झाकण नाही. पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. अशा पाच वेळा. शेवटी समोरच्या किराणावाल्यानं चेंबरमध्ये नारळाची झावळी उभी खोचली. पहिली वाळली, दुसरी लावली. आता गल्लीचा पत्ताच "झावळीपासून आत" असा सांगतो आम्ही.

माझी मुलगी मागच्या महापालिका निवडणुकीच्या वेळी दहावीत होती. मध्यंतरी इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, आता लग्नाचं बघतोय. तिनं लोकसभेला दोनदा, विधानसभेला दोनदा मत दिलंय, नगरसेवकाला एकदाही नाही. दिल्लीत कोण बसावं हे तिला विचारलं, गल्लीतल्या चेंबरचं कुणी बघावं हे मात्र विचारलं नाही.

आमदार-खासदार इकडून तिकडे गेले की आपण चॅनेलवर तासन्‌तास बघतो, शिव्या घालतो. ते चोरीला गेलेलं मत दिसतं तरी. हे जे मत मागितलंच नाही, त्याबद्दल एक मोर्चा तरी निघाला का आपल्या शहरात? मला आठवत नाही. मीही गेलो नव्हतो, हेही लिहून टाकतो.

तर प्रश्न साधा आहे. १५ तारखेला जाऊ का? गेलो तर यांना द्यायचं, की नोटा दाबून यायचं?

---

सडेतोड सदू (१८ डिसेंबर)

काका, घरी बसा. पुरणपोळी खा. संक्रांतीचा दुसरा दिवस आहे.

माझा हिशोब सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी रांगेत उभा राहून एक मत दिलं. कुणाला ते सोडा. २३ नोव्हेंबरला सकाळी दात घासताना कळलं की शपथविधी झाला, फडणवीस आणि अजित पवार. चार दिवसही टिकला नाही. २८ ला शिवाजी पार्कवर ठाकरे. ३० जून २०२२ ला सुरत-गुवाहाटी करून शिंदे. २ जुलै २०२३ ला पुन्हा अजितदादा, या वेळी दुपारी. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस, चारही पक्ष त्या एका विधानसभेत कधी ना कधी सत्तेत बसून उठले. म्हणजे मी कुठलंही बटण दाबलं असतं तरी माझा पक्ष सत्तेतही गेला असता आणि विरोधातही. असं बटण दाबायला दोन तास उन्हात उभं कशाला राहायचं?

---

कलमदान (१९ डिसेंबर)

सदूभाऊंचा हिशोब बरोबर आहे, पण हे घडलं कसं ते बघा. पक्षांतरबंदी १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला "फूट" म्हणून सूट होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती काढली, उरलं फक्त दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. मग फुटणाऱ्यांनी नवी वाट काढली. आम्ही फुटलोच नाही, मूळ पक्ष म्हणजे आम्हीच. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि वर्षभराने घड्याळ त्याच बाजूला दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं असं म्हटलं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही, असंही म्हटलं. अपात्रता विधानसभा अध्यक्षांनी ठरवायची. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला ठरवलं की शिवसेनेच्या दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र नाही. दोन्ही बाजूंनी पक्षादेश मोडल्याचा आरोप आणि अपात्र शून्य. चोरी झाली, चोर नाही.

पण धागाकर्त्याचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर. कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी. यात "सोयीनुसार" असा शब्द नाही. आपल्याकडे आधी कोरोना, ते समजण्यासारखं. मग सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालानंतर ओबीसी आरक्षणाची त्रिस्तरीय चाचणी (आधी मागासलेपणाची आकडेवारी, मग आरक्षण), त्यासाठी बांठिया आयोग, ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाचा "जैसे थे" आदेश, आणि मग तारखांवर तारखा. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्यालाही मुदतवाढ घेतली, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत.

मध्य प्रदेशातही ओबीसी आरक्षणाचाच पेच होता. तिथे न्यायालयाने मे २०२२ मध्ये कान धरला आणि जुलैमध्ये मतदान झालंसुद्धा.

---

सडेतोड सदू (१९ डिसेंबर)

कलमदान, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता माझा चहा गार झाला. पण "चोरी झाली, चोर नाही" आवडलं. ढापतोय.

---

रंकाळ्यावरचा (१९ डिसेंबर)

पावणेचार वर्षांचं काय कौतिक सांगताय ओ? आमच्या कोल्हापूरची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली. पाच वर्षं पुरी झाली, म्हणजे एक अख्खी टर्म प्रशासकानं काढली. संभाजीनगरकर तर आमच्याही आधीचे, एप्रिल २०२० पासनं.

आणि मुंबईचं बघा की. औंदाचं बजेट ७४ हजार कोटींचं. आयुक्तांनीच मांडलं, प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केलं. सभागृहात २२७ खुर्च्या रिकाम्या. आमच्या तालमीचं वर्गणीचं बजेट असतंय दोन लाखांचं, त्यावर सुद्धा रात्री बारापर्यंत भांडणं होतात.

आता मात्र तांबडा-पांढऱ्याच्या पंगती सुरू झाल्यात. पाच वर्षांचा उपास सुटलाय म्हणायचा.

---

कार्यकर्ता आहे, लाजत नाही (२० डिसेंबर)

इथे सगळ्यांनी पुढाऱ्यांना झोडायचं ठरवलंय, म्हणून दुसरी बाजू. पक्ष सांगत नाही, उपयोग नाही.

सभागृहाची मुदत संपली म्हणून लोकांचे फोन थांबले नाहीत. माजी नगरसेवकाला रात्री दोन वाजता फोन येतो, पाणी आलं नाही. त्याच्याकडे ना निधी, ना सही, ना अधिकाऱ्याला बोलवायचा अधिकार. आमच्या भाऊंनी तीन उन्हाळे पदरच्या पैशानं टँकर लावले. तुम्ही म्हणाल मतांसाठी लावले. हो, मतांसाठीच लावले. पण मग निवडणूक लांबली तेव्हा भाऊंचं नुकसान झालं की फायदा?

आणि माझं सांगतो. २०२२ ला माझं वय ३६, वॉर्डात आठ वर्षं काम, तिकीट पक्कं मानलं जात होतं. आज चाळिशीत आलोय. मधल्या काळात वरच्यांनी ज्यांच्याशी युती केली, त्या पक्षाच्या ज्या माणसाशी मी दोन निवडणुका मारामाऱ्या केल्या, तोच आता माझ्या प्रभागातून आमचा उमेदवार म्हणून येतोय. मला सांगितलं, सतरंज्या उचला, पुढच्या वेळी बघू. उचलतोय. मतदाराला एका दिवसाचा राग असतो हो. आम्हाला रोज त्याच माणसाच्या गळ्यात हार घालायचा असतो.

---

गल्लीतला एक (२० डिसेंबर)

कार्यकर्ते, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दारात आलेल्यांच्या मागे जो पोरगा शूटिंग करत होता, त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ते आठवलं.

---

मांडवीकाठचो (२१ डिसेंबर)

गोंयांतून नमस्कार. तुमच्या गुवाहाटीचं आम्हाला फारसं नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडे देवच साक्षीला काढून झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं. निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही अशी शपथ. तीन धर्म, एक बस. अकरा निवडून आले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला आठ जण भाजपमध्ये. अकरातले आठ म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त, त्यामुळे कलमदान म्हणतात ते विलीनीकरण व्यवस्थित बसलं. त्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की मी देवाला विचारलं, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर.

माझी आई महालक्ष्मीला दर शुक्रवारी जाते. तिनं त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि म्हणाली, देवीक तरी खबर आसतली, आमकां कित्याक विचारता.

---

वाडीवरची सून (२२ डिसेंबर)

मी शहरातली नाही, त्यामुळे नगरसेवकाचं मला कळत नाही. पण मतदानाचा एक प्रकार मी जवळून पाहिलाय, त्यात कुणी फुटू शकत नाही. बाटलीचं मतदान.

आमच्या गावात देशी दारूचं दुकान होतं, शाळेच्या वाटेवर. ते बंद करायचं तर आधी गावातल्या पंचवीस टक्के बायकांच्या सह्या लागतात. आम्ही घराघरात गेलो. काहींच्या नवऱ्यांनी कागद फाडले, पुन्हा केले. सह्यांची पडताळणी झाली, मग मतदान लागलं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद.

यातली खरी मेख आता ऐका. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्यांहून जास्त आडव्या बाटल्या लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली, माहेरी गेली, ऊसतोडीला गेली, ती आपोआप दुकानाच्या बाजूची. आम्ही त्या दिवशी दोन जीप करून टोळीवरच्या बायका आणल्या. एक बाळंतीण होती, तिला बाळासकट आणली. बाहेर पडली आणि मला म्हणाली, आडवी पाडली गं.

पुढारी निवडताना मात्र घरी बसलेल्याला कुणी हिशेबातच धरत नाही. शंभरात चाळीस आले तरी निवडून येणारा येतोच. हाच बाटलीचा नियम उमेदवाराला लावला तर किती जण निवडून येतील, विचार करा.

---

कलमदान (२२ डिसेंबर)

वाडीवरच्या ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

याला जोडून. माणूस परत बोलावण्याची सोय आपल्याकडे गावापुरती आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास आणला, तर तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने सोडून. मध्य प्रदेशात नगराध्यक्षासाठी "खाली कुर्सी, भरी कुर्सी" असं मतदान असतं, तेही तुमच्या बाटलीसारखंच दोन चित्रांचं. आमदाराला आणि खासदाराला यातलं काही लागू नाही. कायदा तेच करतात, हे लक्षात घ्या.

---

सडेतोड सदू (२२ डिसेंबर)

आडवा आमदार, उभा आमदार. मी आजच नोंदणीला तयार.

---

खडूची पूड (२४ डिसेंबर)

नोटाचा प्रश्न धागाकर्त्यांनी विचारला होता, तो सगळे विसरले. मी निवृत्त शिक्षक, निवडणुकीच्या कामावर अकरा वेळा गेलोय, तेव्हा थोडं सांगतो.

मुंबई सोडून बाकी शहरांत एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा आहेत, अ, ब, क, ड. चार वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका, चार मतं. प्रत्येक जागेला नोटा वेगळा. एक जरी मत राहिलं तरी शेवटचा लांब बझर वाजत नाही. २०१७ ला माझ्या केंद्रावर एक आजी आल्या, पहिलं बटण दाबलं आणि पदर सावरत बाहेर निघाल्या. मी लांबूनच ओरडलो, आजी, अजून तीन आहेत! त्या म्हणाल्या, "मला एकच माणूस पायजे, चार कशाला? चौघांत मिळून कामाला एक यायचा न्हाई." आत जाऊन दाखवता तर येत नाही. दहा मिनिटं रांग खोळंबली. शेवटी आजींनी रागारागाने तीन बटणं दाबली, बझर वाजला तेव्हा दचकल्या.

त्या बाईचं म्हणणं मला आजही पटतं. चार नगरसेवक म्हणजे चेंबरचं झाकण कुणाचं, यावर चार वर्षं चर्चा. ही पद्धत तरी कायम असावी? २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. महाविकास आघाडीनं पुन्हा तीनचा ठरवला, सरकार गेलं, पुन्हा चारचा. ज्याला जे सोयीचं ते. यात कुठलाही पक्ष धुतल्या तांदळाचा नाही.

नोटाबद्दल. विधानसभेला नोटा पहिला आला तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांवर मतं. काही बिघडलं नाही. पण महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मात्र नोटा सोडून जो पुढे असेल तो. तेव्हा नोटा दाबायचा असेल तर हीच निवडणूक त्यातल्या त्यात बरी.

---

दोन तारे (२७ डिसेंबर)

तुम्ही द्यायचं की नाही यावर बोलताय. माझ्या आईच्या नावापुढे मतदारयादीत दोन तारे आलेत. म्हणजे संभाव्य दुबार. तिच्याच नावाची दुसरी कुणी बाई दुसऱ्या प्रभागात आहे. आई ७४ वर्षांची, १९७७ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही. आता केंद्रावर गेल्यावर "मी दुसरीकडे मत दिलेलं नाही" असं लिहून द्यायचं. दुबार नावं काढायला हवीत, मान्य. पण आई दोन दिवस एकच विचारतेय, "मी खोटी आहे असं वाटलं का त्यांना?"

---

कार्यकर्ता आहे, लाजत नाही (३ जानेवारी २०२६)

काल अर्ज मागे घ्यायची मुदत संपली. आमच्या प्रभागातल्या एका जागेवर समोरच्या तिघांनीही माघार घेतली. बिनविरोध. का घेतली ते मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही, घर याच प्रभागात आहे. बाकी शहरांतूनही अशाच बातम्या आहेत.

मास्तर, तुमचा नोटा बिनविरोध जागेवर नसतो. मतदानच नाही तर बटण कुठलं?

---

खडूची पूड (३ जानेवारी)

खरं आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

गल्लीतला एक (१५ जानेवारी)

जाऊन आलो. मुलगी बरोबर होती, सुट्टी टाकून आली होती. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणीतरी कंसातला भागाकार अर्धाच सोडलेला. शाईची बाटली नव्हती, मार्कर होता. तो पुसला जातो म्हणे, त्यावरून दिवसभर चॅनेलवर गोंधळ चाललाय, तो तुम्ही बघताच आहात.

चार बटणं दाबली. दोन माणसांना, दोन नोटा. कुणाला ते विचारू नका. ज्या दोघांना दिलं त्यातला एक तोच, तीन उपरण्यांवाला. का, तर त्याला आमची गल्ली पाठ आहे. हे कारण पुरेसं आहे का मला माहीत नाही. मुलीनं काय केलं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, यातलं एकही नाव मला आधी माहीत नव्हतं."

आणि हो, ४ जानेवारीला सकाळी उठून बघतो तर चेंबरवर झाकण. रात्रीतून कुणी बसवलं, पत्ता नाही. त्या दिवसापासून तीन उमेदवारांनी ते मीच बसवलं म्हणून सांगितलंय. किराणावाल्यानं झावळी धुऊन दुकानामागे ठेवली आहे.

---

रंकाळ्यावरचा (१५ जानेवारी)

झावळी टाकू नका म्हणावं.

---

गल्लीतला एक (१९ जानेवारी)

चारही निकाल लागले, गुलालही उधळून झाला. आज दुपारी पाण्याचा टँकर झाकणावरून गेला आणि एक कोपरा खचला. चौघांपैकी दोघांचे फोन बंद आहेत, एकाच्या भाच्यानं उचलला, म्हणाला साहेब महापौराच्या आरक्षण सोडतीच्या गडबडीत आहेत. चौथ्याचा नंबर कुणाकडेच नाही. किराणावाल्यानं तात्पुरती खाली वीट घातली आहे. ॲपवर तक्रार टाकली, टोकन नंबर आलाय. सहावा.